अटक म्हणजे शिक्षा नव्हे

आपल्याकडे चार माणसांत कोठे वादावादी झाली की गर्दीतून एक आवाज हमखास उठतो : "याला आत टाका!" एस. टी. स्टँडवर जागा धरण्यावरून धक्काबुक्की होवो, शेताच्या बांधावरून भाऊबंदकी पेटो, मोंढ्यात वजनमापावरून हमरीतुमरी होवो, नाहीतर उरुसाच्या गर्दीत एखाद्या पोराचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडो. न्याय मागणाऱ्याची मागणी एकच असते. समोरच्याला पोलिसांनी धरावे, एक रात्र कोठडीत बसवावे, म्हणजे झाला न्याय. पुढे खटल्याचे काय झाले, साक्षी कोणत्या झाल्या, निकाल काय लागला याची चौकशी करायला सहा महिन्यांनी कोणी जात नाही. किंबहुना निकालाची वाट पाहण्याची आपल्याला गरजच वाटत नाही, कारण आपल्या मनाने निकाल त्या रात्रीच लागलेला असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. किरकोळ गुन्ह्यात पोलीस माणसाला केव्हा धरू शकतात, केव्हा केवळ नोटीस देऊन सोडले पाहिजे, आणि या दोहोंतला फरक आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक आहे? हा प्रश्न वकिलांचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या देशात रस्त्यावरच्या माणसाचा कायद्याशी पहिला आणि बहुधा शेवटचा संबंध हवालदाराच्या रूपाने येतो, त्या देशात हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पेपरातील मूलभूत हक्कांच्या प्रश्नाइतकाच आपला आहे. पेपरातला प्रश्न पर्यायाला टाकता येतो, हा टाकता येत नाही, इतकाच काय तो फरक.

प्रथम थोडी कायद्याची ओळख करून घेऊ. इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेत मोठे गुन्हे आणि किरकोळ गुन्हे अशी विभागणी होती. आपल्याकडे विभागणी आहे ती दखलपात्र आणि अदखलपात्र अशी. ठाण्यावर ज्याला 'एन. सी.' म्हणतात तो अदखलपात्र गुन्हा. कोणी शिवीगाळ केली, थोबाडीत मारली, साधी दुखापत केली, तर तो सामान्यतः अदखलपात्र. अशा गुन्ह्यात वॉरंटावाचून अटक करण्याचा अधिकार पोलिसांना नाही; इतकेच नव्हे, तर मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करण्याचाही अधिकार नाही. तक्रार वहीत नोंदवायची, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जाण्यास सांगायचे, येथे पोलिसांचे काम संपते. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७४ व्या कलमातही हेच आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी, आणि चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केली, तर नव्या कायद्याने समाजसेवेची शिक्षा सांगितली असून तो गुन्हाही अदखलपात्र केला आहे. सायकल चोरणाऱ्या पोराला खांबाला बांधून मारणाऱ्या आपल्या गावांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

याला एक अपवाद आहे आणि तो विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. पोलिसाच्या डोळ्यांदेखत अदखलपात्र गुन्हा घडला आणि त्याने नाव-पत्ता विचारला असता तो सांगण्याचे नाकारले, किंवा खोटा सांगितला असे वाटण्यास कारण असले, तर केवळ नाव-पत्ता निश्चित करण्यासाठी अटक करता येते. खरे नाव कळताच जातमुचलक्यावर सोडले पाहिजे. चौकात हटकल्यावर "तुम्हाला काय करायचंय माझ्या नावाशी?" असे बाणेदार उत्तर देणारे वीर आपल्यात पुष्कळ आहेत. बाणेदारपणा चांगला, पण येथे तो साध्या दंडाचे प्रकरण कोठडीपर्यंत नेतो. नाव सांगावे, गाव सांगावे, आणि मग आपला हक्क विचारावा.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा दुसरा कायदा. रस्त्यावर असभ्य वर्तन, शांतताभंग होईल असे बोलणे-वागणे, सार्वजनिक जागी घाण करणे अशा गोष्टींसाठी त्यात ११०, ११२, ११५ अशी कलमे असून ११७ व्या कलमात दंड सांगितला आहे. ठाण्यावरच्या भाषेत "एकशे दहा, एकशे सतराची केस". गुन्हा केवळ दंडाचा; पण पोलिसासमक्ष घडला तर वॉरंटावाचून अटकेची मुभा या कायद्याने दिलेली आहे. मोटार वाहन कायद्याचे तसे नाही. गाडीवर तिघे बसले, लायसन घरी राहिले, यासाठी दंड आहे, कागद ताब्यात घेणे आहे; अटक मात्र त्या कायद्याच्या २०२ व्या कलमाप्रमाणे धोकादायक रीतीने गाडी हाकणे, दारू पिऊन हाकणे आणि परवानगीवाचून दुसऱ्याची गाडी पळवणे अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. तेव्हा "लायसन नाही? चल, आत बस" हे वाक्य ऐकले की ते कायद्याचे नसून सवयीचे आहे, असे समजावे.

आता दखलपात्र गुन्ह्यांकडे वळू. येथे पोलिसांना वॉरंटावाचून अटक करता येते. 'करता येते' आणि 'केलीच पाहिजे' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आपला सगळा घोटाळा या अंतरातच आहे. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. आपल्या तिसऱ्या अहवालात या आयोगाने नमूद केले की सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय होत्या, आणि तुरुंगांच्या खर्चापैकी ४३.२ टक्के खर्च अशा अटकांपायी होत होता. हे आरोप कोणा सरकारविरोधी पुढाऱ्याने केलेले नाहीत. सरकारनेच नेमलेल्या आयोगाचा हा हिशेब आहे. १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच हिशेब पुढे ठेवला आणि सांगितले की, अटकेचा अधिकार असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्याचे समर्थन असणे ही दुसरी गोष्ट. अधिकार आहे म्हणून अटक केली, हे उत्तर पुरेसे नाही.

संसदेने पुढे संहितेत दुरुस्ती केली. ती १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात केवळ तक्रार आली म्हणून अटक करायची नाही. आणखी गुन्हा घडू नये म्हणून, तपास नीट व्हावा म्हणून, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, साक्षीदाराला धाकदपटशा वा लालूच दाखवली जाऊ नये म्हणून, किंवा आरोपी कोर्टात हजर राहणार नाही म्हणून, अशा ठरलेल्या कारणांपैकी एखादे कारण असले पाहिजे आणि ते लेखी नोंदले पाहिजे. कारण नसेल तर काय करायचे? तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. नोटिशीप्रमाणे माणूस हजर होत राहिला, तर खास कारणे नोंदल्याशिवाय त्याला अटक करायची नाही. नव्या संहितेत हे सर्व ३५ व्या कलमात आले आहे. त्यात एक नवी गोष्टही घातली आहे : तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी साठी उलटलेला किंवा अपंग-आजारी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून अटक करता येत नाही. बांधाच्या भांडणात म्हाताऱ्या बापालाही सोबत उचलून नेण्याची जी रीत आपण खेडोपाडी पाहतो, तिला या एका ओळीने लगाम घातला आहे. ही ओळ गावात कोणाला वाचून दाखवली आहे का, एवढाच प्रश्न आहे.

२ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून कडक शब्द वापरले. ही कारणे न नोंदता अटक करणारा अधिकारी खात्यांतर्गत कारवाईस आणि न्यायालयाच्या अवमानासही पात्र होईल, आणि डोळे झाकून कोठडी देणाऱ्या मॅजिस्ट्रेटवरही उच्च न्यायालय कारवाई करील, असे त्या निकालात आहे. नोटिशीबाबत २१ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की ती कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागणार नाही. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, आपल्याच राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि हे सर्व गुन्ह्यांना लागू आहे, असा निर्णय दिला. परभणीच्या माणसाला कारणे मराठीत कळली पाहिजेत, उर्दू वाचणाऱ्याला उर्दूत. मातृभाषेच्या थोरवीवर आपण दरवर्षी निबंध लिहितो. मातृभाषेचा यापेक्षा निकडीचा उपयोग दुसरा कोणता असेल?

कागदावर पाहता आपला कायदा जगातील कित्येक पुढारलेल्या देशांपेक्षा उदार आहे. १९९७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका मातेला मुलांसमक्ष अटक झाली. अपराध एवढाच, की मोटारीत तिने व मुलांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्या अपराधाला कायद्यात जास्तीत जास्त ५० डॉलर दंड होता, तुरुंगवास नव्हताच. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की अशी अटक त्यांच्या घटनेच्या विरुद्ध नाही. आपल्या कायद्याने हा प्रसंग येऊ दिला नसता. मात्र कायदा उदार असून माणसे कोठडीत जात असतील, तर दोष कायद्याच्या पुस्तकात नसून पुस्तक आणि ठाणे यांच्यामधल्या रस्त्यात आहे.

हा रस्ता किती लांब आहे, हे आपल्या शहराने पाहिले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, दगडफेक व जाळपोळ झाली, आणि मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबर रोजी तो मरण पावला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी तेथे त्याचे म्हणणे फेटाळले गेले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. तो अधिकार या लेखकाचा नाही. दंगलीचे आरोप किरकोळ नसतात, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जाळलेल्या दुकानाच्या मालकालाही न्याय हवाच. परंतु एक गोष्ट कोणत्याही निकालाची वाट न पाहता म्हणता येते. माणूस कोठडीत गेला, की त्याचा जीव ही शासनाची ठेव होते. आणि म्हणूनच कोठडीचे दार उघडण्यापूर्वी ते उघडणे अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसाबाबत विचारला गेला पाहिजे. मोठ्या आरोपात तो विचारायचा असेल, तर दंडाच्या गुन्ह्यात तो दहापट मोठ्याने विचारायला हवा. जो कायदा शिकत होता त्यालाही कायदा वाचवू शकला नाही, ही गोष्ट या शहरातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात सलत राहिली पाहिजे.

गर्दीच्या मागणीवरून अटक झाली म्हणजे काय होते याचे दुसरे उदाहरण पालघरचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या. जमाव जमला आणि दोघींना अटक झाली. त्या जामिनावर सुटल्या, पुढे खटला उभा राहिला नाही, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि ज्या ६६-अ कलमाखाली ही अटक झाली ते कलमच २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. म्हणजे अखेर कायदा त्या मुलींच्या बाजूने उभा राहिला. पण तो सव्वादोन वर्षांनी. अटक मात्र काही तासांत झाली होती. न्याय पायी येतो आणि अटक जीपमधून येते, हे अंतर ध्यानात घेतले की अटकेपूर्वीच्या विचाराला एवढे महत्त्व का, हे कळते.

आपल्या भागात या प्रश्नाला जातीची आणि गरिबीची धारही आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. कायदा गेला, पण नजर गेली नाही. गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या पारध्याच्या वस्तीकडे, चोरी कोठेही झाली तरी, जीप आधी वळते हे आपण सारे जाणतो. सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत आढळणे हाही पोलीस अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. परंतु कोणाचे रात्री रस्त्यावर असणे संशयास्पद ठरते आणि कोणाचे ठरत नाही, हे माणसाच्या अंगावरच्या कपड्यांवरून ठरते. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा पांढरपेशा वाचक हादरून गेला. ज्यांच्या दारावर पोलिसांची काठी रोज वाजत होती, त्यांना त्यात नवे काही नव्हते.

गरिबाला आणखी एक अडथळा आहे तो जामिनाचा. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. ठाणे अंमलदार स्वतः त्याला सोडू शकतो. परंतु जामीनदार कोठून आणायचा? ऊसतोडीला गेलेल्या माणसाला परजिल्ह्यात धरले तर त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण येणार? १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन, भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून, नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात गरिबाला न पेलणारा जामीन मागणे म्हणजे जामीन नाकारणेच होय, या अर्थाचा विचार मांडला. पुढे संहितेतही आले की जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यापासून आठवड्याच्या आत ज्याला जामीनदार देता येत नाही, तो निर्धन आहे असे मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावे. आठवड्याची मजुरी बुडाली, पोरे उपाशी राहिली, आणि गुन्हा काय, तर दंडाचा! शिक्षा झाली असती तर कदाचित याहून स्वस्त पडली असती.

येथे पोलिसांची बाजू मांडली नाही तर लेख एकांगी होईल. पोलीस हा कोणी परग्रहावरून आलेला प्राणी नव्हे. तो आपल्याच शेतकऱ्याचा मुलगा आहे. गणपती, ईद, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक यांचा बंदोबस्त संपवून तो ठाण्यावर येतो, तेव्हा त्याच्यापुढे फिर्यादी, आरोपी आणि दोघांचे पुढारी उभे असतात. त्याने कायद्याप्रमाणे नोटीस देऊन आरोपीला घरी पाठवले, तर त्याच रात्री गावात काय बोलले जाते? "पैसे खाऊन सोडला!" दुसऱ्या दिवशी फिर्यादी मोर्चा घेऊन येतो. वर्तमानपत्रात 'आरोपी मोकाट' असा मथळा येतो. उलट, त्याने कारण नसताना चौघांना आत बसवले, तर त्याची कार्यतत्परता वाखाणली जाते. म्हणजे कायदा पाळणाऱ्याला आपण शिव्या देतो आणि मोडणाऱ्याला हार घालतो. मग तो कायदा का पाळील? काही वेळा भांडण रात्रीतून पेटेल, डोकी फुटतील, म्हणून एखाद्याला प्रतिबंधक म्हणून ताब्यात घेणे खरोखर आवश्यकही असते. तशी तरतूद संहितेत आहे आणि तिला चोवीस तासांची मर्यादाही आहे. आक्षेप त्या तरतुदीला नाही. आक्षेप आहे तो सोय म्हणून, सवय म्हणून किंवा कोणाच्या फोनवरून तिचा वापर करण्याला.

म्हणूनच या लेखकाचे मत असे आहे की या रोगाचे मूळ ठाण्यात जितके आहे तितकेच आपल्या मनात आहे. अटक म्हणजे शिक्षा, ही समजूत आपण पिढ्यान् पिढ्या जोपासली. निजामी अमलात फौजदाराचा शब्द हाच कायदा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा त्या राजवटीतून मुक्त झाला, पण ठाण्यापुढून जाताना मान खाली घालण्याची आपली सवय मुक्त झाली नाही. एकीकडे आपण ठाण्याला घाबरतो आणि दुसरीकडे तेच ठाणे शत्रूविरुद्ध वापरू पाहतो. भीती आणि लोभ यांच्या या जोडीवरच अटकेचा सगळा बाजार चालतो. ज्या दिवशी फिर्यादी स्वतः म्हणेल की "याला आत टाका असे मी म्हणत नाही, याच्यावर खटला चालवा, पुरावा आणा, आणि शिक्षा कोर्टाला देऊ द्या", त्या दिवशी त्या बाजाराचे अर्धे गिऱ्हाईक कमी होईल.

मग करायचे काय? केवळ हळहळून चालणार नाही. काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट, हक्कांची ओळख. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी असली पाहिजे. अटकेचा पंचनामा झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि आरोपीची सही पाहिजे. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले पाहिजे. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. यांतील बरेचसे १९९६ च्या डी. के. बसू निकालात आले आणि आज कायद्याचा भाग आहे. चोवीस तासांची व वकिलाची हमी तर संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे. एवढा मजकूर एका पानावर मराठीत आणि उर्दूत छापून आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात वाटता येणार नाही काय? खड्डे खणणे आणि झाडे लावणे उत्तमच. पण हे झाड लावले तर त्याची सावली पिढीला पुरेल.

दुसरी गोष्ट, फलक. कोणाला अटक केली, कोणत्या गुन्ह्यात केली, ही माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावली पाहिजे आणि त्यासाठी सहायक फौजदाराहून कमी नसलेल्या दर्जाचा एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे, असे संहितेचे ३७ वे कलम सांगते. हा फलक पाहणे हा नागरिकाचा हक्क आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी या नऊही तालुक्यांतील ठाण्यांत जाऊन, नम्रपणे, हा फलक कोठे आहे एवढे विचारून यावे. ग्रंथालयात बसून केलेल्या दहा प्रकल्पांपेक्षा हा एक अधिक शिकवील.

तिसरी गोष्ट, वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीतील कोणाही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही तो आहे. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. सिनेमातील नटांचे वाढदिवस आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांत हे पाच आकडे आणखी मावतील.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भल्या पहाटे मैदानावर जा. आपलेच वर्गमित्र तेथे धावत असतात, गोळा फेकत असतात. पोलीस भरती हे आपल्या जिल्ह्यातील शेकडो घरांचे स्वप्न आहे. ज्याला खाकी अंगावर चढवायची आहे, त्याच्या चारित्र्य पडताळणीत एका भांडणाची नोंद आडवी येते, हे त्याला चांगले ठाऊक असते. म्हणून तो स्वतः भांडणापासून दहा हात दूर राहतो. एका नोंदीने आयुष्याचे काय होते हे ज्याला आज इतके कळते, त्याने उद्या ठाण्यात टेबलामागे बसल्यावर ते विसरू नये, एवढीच या लेखाची विनंती आहे. समोर एखादा पोरगा उभा असेल, बाहेर गर्दी "आत टाका" म्हणून ओरडत असेल, आणि हातात दोन कागद असतील, एक अटकेचा आणि एक नोटिशीचा. त्या क्षणी सर्वोच्च न्यायालय तेथे नसते, संसद नसते, वर्तमानपत्रही नसते. तेथे असतो तो फक्त आपल्यापैकीच एक. त्याने कोणता कागद भरायचा, यावर या जिल्ह्यातील संविधानाचे भवितव्य अवलंबून आहे.